विश्लेषण : तरण तलाव, राणीची बाग आणि शुल्कवाढ... दर ठरवण्याआधी नागरिकांना विचारायला नको?

विजेचा दर वाढवायचा असेल तर वीज कंपनीला राज्य वीज नियामक आयोगाचे दार ठोठवावे लागते. प्रस्ताव जाहीर करावा लागतो, ग्राहकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी होते आणि मगच आदेश निघतो. विकास आराखड्यातल्या एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असले तरी हरकतींची पायरी चुकत नाही. पण महापालिकेच्या तरण तलावाचे वार्षिक शुल्क किंवा प्राणिसंग्रहालयाचे तिकीट वाढवायचे असेल, तर यातले काहीच सक्तीचे नाही. एक प्रस्ताव तयार होतो, त्याला मंजुरी मिळते आणि एका सकाळी खिडकीवर नव्या दराचा फलक लागतो. तो फलक हीच नागरिकांना मिळालेली पहिली सूचना असते.

पोहणे, फिरणे, मुलांना वाघ दाखवायला नेणे या काही जीवनावश्यक गोष्टी नाहीत, असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तेव्हा रविवारची दुपार कुठे घालवायची हा प्रश्न चैनीचा राहत नाही. ज्यांच्या सोसायटीत बाग, व्यायामशाळा आणि छोटा तलाव आहे त्यांना महापालिकेच्या दराने फारसा फरक पडत नाही. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी हा दर म्हणजे दाराची कडी आहे.

राणीच्या बागेत २०१७ मध्ये काय झाले?

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग. दीडशे वर्षांहून जुनी. तिथे दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले ते जुलै २०१६ मध्ये आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचा कक्ष लोकांसाठी खुला झाला. तोवर बागेचे तिकीट प्रौढांना ५ रुपये आणि लहान मुलांना २ रुपये होते. पेंग्विन पाहायला झुंबड उडाली आणि प्रशासनाने दरवाढीचा प्रस्ताव आणला. आधी प्रौढांमागे १०० रुपयांचा आकडा पुढे आला. त्यावर टीका झाली, नगरसेवकांनी विरोध केला आणि आकडा खाली आला. अखेर १ ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये आणि आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये असे दर लागू झाले.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, विरोध झाला म्हणून दर खाली आला. याचा अर्थ पहिला आकडा काही दगडावरची रेघ नव्हता. १०० रुपयेच का, ८० किंवा ३० का नाहीत, हे लोकांना पटेल अशा हिशेबाने आधी मांडले गेले असते तर घासाघीस करण्याची वेळ आली नसती. आपल्याकडे दर ठरवण्याची रीत भाजीबाजारासारखी झाली आहे. विकणारा आधी दुप्पट सांगतो, घेणारा निम्म्याला मागतो आणि मध्ये कुठेतरी सौदा तुटतो. फरक इतकाच की भाजीबाजारात घेणारा स्वतः हजर असतो.

दुसरी गोष्ट चौघांच्या कुटुंबाची. 'हम दो हमारे दो' या हिशेबाने आखलेली ही सवलत कागदावर उदार दिसते. आता परळच्या किंवा गोवंडीच्या एखाद्या घराचे उदाहरण घेऊ : आईवडील, तीन लहान मुले आणि सोबत आत्या. जुन्या दराने या सहा जणांचे तिकीट होते २१ रुपये. नव्या दराने चौघांचे १००, तिसऱ्या मुलाचे २५ आणि आत्याचे ५०, असे १७५ रुपये. म्हणजे आठपटीहून जास्त. शिवाय लोकलचे भाडे, पाण्याच्या बाटल्या आणि आत गेल्यावर मुलांनी धरलेला आइस्क्रीमचा हट्ट वेगळाच. दोन मुलांच्या कुटुंबाचे तिकीट १४ रुपयांवरून १०० वर गेले, म्हणजे सातपट. ज्या घरात माणसे जास्त, तिथे वाढही जास्त. दर ठरवणाऱ्यांचा असा हेतू असेल असे मला वाटत नाही. पण दर ठरवणाऱ्या टेबलाभोवती तीन मुलांची आई बसलेली असती, तर तिने हे अर्ध्या मिनिटात दाखवून दिले असते.

'एवढे करूनही गर्दी कमी झाली का?' असा प्रतिप्रश्न अधिकारी विचारतात आणि तो रास्त आहे. १ जानेवारी २०२३ या एका दिवशी राणीच्या बागेत ३२ हजारांहून अधिक लोक आले. मुंबईत मुलांना घेऊन जाण्यासारख्या स्वस्त जागा इतक्या थोड्या आहेत की ५० रुपयेही लोक देतात. पण आत आलेल्यांची मोजदाद होते, फाटकावरून परत गेलेल्यांची होत नाही. पूर्वी वर्षातून तीनदा येणारे कुटुंब आता एकदाच येते का, हे तिकीटखिडकीच्या आकड्यांतून कळणार नाही. त्यासाठी विचारावे लागते.

मग शुल्क वाढवूच नये का?

तसे नाही. ५ रुपयांचे तिकीट वर्षानुवर्षे तसेच ठेवणे हा शहाणपणा नव्हता. दरवाढ म्हटले की निवडणूक आठवते, त्यामुळे कोणी हात लावत नाही आणि मग एक दिवस दहापट उडी मारली जाते. पाणीपट्टीच्या बाबतीत मुंबई महापालिकेने वेगळा रस्ता धरला. दरवर्षी कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचा अधिकार प्रशासनाला २०१२ मध्ये देण्यात आला. त्या निर्णयावरही वाद आहेत. पण तेच गणित तिकिटाला लावून पाहा. ५ रुपयांचे तिकीट दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत गेले असते, तर ५० रुपयांवर पोचायला जवळपास ३० वर्षे लागली असती. लोकांना चटका बसतो तो दरापेक्षा उडीचा.

आणखी एक मुद्दा पैशाचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. एखाद्या मोठ्या उद्यानातून वर्षाला १० कोटी रुपये मिळतात असे धरले, तरी ते दर सात हजार चारशे रुपयांमागे एक रुपया इतके होतात. तेव्हा 'तिजोरीवर भार' हे कारण देणाऱ्याने भार किती आणि तिजोरी केवढी, दोन्ही सांगायला हवे. तिकिटाचा पैसा महापालिकेच्या एकत्रित निधीत जातो. त्यामुळे 'तुम्ही जास्त द्या, म्हणजे बाग सुधारेल' या आश्वासनामागे, तो पैसा बागेवरच खर्च होईल अशी वेगळी हमी नसेल, तर फारसा अर्थ उरत नाही. फाटकावर वाढीव दर घेणाऱ्यांनी त्याच फाटकावर 'गेल्या वर्षी इतके जमले, इतके स्वच्छतागृहांवर खर्चले' असा फलक का लावू नये? दरफलकाशेजारी तो मावेल.

तरण तलावाचे गणित वेगळे कसे?

दादरचा शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव. मुंबईतल्या महापालिकेच्या अशा तलावांवर पिढ्या पोहायला शिकल्या. इथे तिकिटाऐवजी प्रामुख्याने सभासदत्व असते आणि शुल्कवाढीचा परिणाम बागेपेक्षा वेगळ्या रीतीने होतो.

तलावाचा बहुतेक खर्च ठरलेला असतो. पाणी गाळणारी यंत्रणा चालवायची, क्लोरीन टाकायचे, विजेचे बिल भरायचे, जीवरक्षक आणि सफाई कामगारांचे पगार द्यायचे. सकाळच्या बॅचला ६० जण आले काय आणि ४० आले काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून सभासद कमी होणे हे तलावाला परवडत नाही. समजा, एका तलावाचे १ हजार सभासद आहेत आणि शुल्क ८ हजार रुपये आहे. जमा होतात ८० लाख. शुल्क १० हजार केले आणि २०० जणांनी नूतनीकरण केले नाही, तर ८०० गुणिले १० हजार, पुन्हा ८० लाखच. महापालिकेला एक रुपयाही जास्त मिळाला नाही आणि २०० माणसे पाण्याबाहेर गेली. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. पण खरे आकडे महापालिकेच्या दप्तरी असतातच. मागच्या दरवाढीनंतर किती सभासद गळले, हे प्रस्तावासोबत सांगितले तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

गळणारे २०० जण कोण असतात, हाही प्रश्न आहे. एकरकमी ८-१० हजार रुपये भरणे हे पगारदाराला जड असते, पण रोज किंवा आठवड्याला कमावणाऱ्याला ते अशक्यच असते. महिना ७०० रुपये देऊ शकणारा रिक्षाचालक वर्षाचे ८ हजार एकदम देऊ शकत नाही. त्याच्यासाठी अडचण शुल्काची नाही, हप्त्याची आहे. मोबाइल, फ्रिज आणि मुलांच्या शिकवण्या हप्त्याने मिळतात. मग तलावाचे सभासदत्व तिमाही किंवा मासिक का नको? महापालिकेला यासाठी दर एक रुपयाने कमी करावा लागणार नाही. पण ही सूचना विद्यमान सभासद करणार नाहीत, कारण त्यांनी एकरकमी पैसे भरलेले असतात. ती सूचना बाहेर राहिलेला माणूसच करू शकतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

नोंदणीचेही तसेच. मर्यादित जागा आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' अशी ऑनलाइन पद्धत असेल, तर ज्याच्या हातात चांगला फोन आणि डोक्यात तारीख आहे तोच पहिला येतो.

कायद्यात विचारण्याची सक्ती आहे का?

थेट उत्तर द्यायचे तर, नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे या नागरी सुविधांचा शहर पालिकांच्या कामांत स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यांचे दर ठरवताना जनसुनावणी घ्या, असे कुठे म्हटलेले नाही. वीज कायदा, २००३ मध्ये मात्र दराचा अर्ज जाहीर करणे आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे बंधनकारक आहे. वीज जीवनावश्यक आहे हे मान्य. पण त्या कायद्यामागचे तत्त्व इतकेच आहे की जिथे पुरवठा करणारा एकच आहे, तिथे दर त्याने एकट्याने ठरवू नये. ज्या वस्तीत परवडेल असा दुसरा तलाव पाच किलोमीटरपर्यंत नाही, तिथे महापालिकाही एकटीच असते.

तरीही माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा आधार आहे. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्यावीत, असे या कलमात सांगितले आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता हे करायचे आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायदे करण्याआधीच्या सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले आणि मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचे ठरवले. ते महापालिकेला लागू नाही. पण ३० दिवसांचा हा मापदंड डोळ्यांपुढे ठेवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

पूर्वी निदान नगरसेवकांची चाळणी होती. प्रस्ताव समितीत जायचा, सभागृहात यायचा, कोणीतरी आरडाओरडा करायचा. २०१७ मध्ये १०० चे ५० झाले ते याच चाळणीमुळे. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची जवळपास चार वर्षे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे परत आली आहेत, ही चांगली गोष्ट. पण नगरसेवकाने विचारणे म्हणजे नागरिकांना विचारणे नव्हे. प्रभागातल्या लोकांनी थेट एकत्र बसावे म्हणून क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आली, त्याला दीड दशक उलटले. आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी भरली होती, हे शेजाऱ्याला विचारून पाहा.

'विचारणे' म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये यावर न्यायालयांनी बराच विचार केला आहे. लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांबाबतच्या एका खटल्यात १९८५ मध्ये चार कसोट्या मांडल्या गेल्या. फिर्यादीच्या नावावरून त्या 'गनिंग तत्त्वे' म्हणून ओळखल्या जातात आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारा. लोकांना नीट विचार करता येईल इतकी कारणे आणि माहिती द्या. पुरेसा वेळ द्या. आणि आलेली मते निर्णय घेताना मनापासून विचारात घ्या. बस, इतकेच. २०१४ चा तो खटला लंडनमधल्याच हॅरिंगे या पालिकेचा होता. तिने स्थानिक करातील सवलत कमी करण्याच्या प्रस्तावावर लोकांना विचारले, पण सवलत न कापता दुसरे कोणते पर्याय आहेत हे सांगितलेच नाही. ती सल्लामसलत सदोष ठरली.

आपल्याकडच्या सूचना-हरकतींना ही फूटपट्टी लावली तर पहिल्याच कसोटीवर बहुतेक जण नापास होतील. आपल्याकडे विचारतात ते ठरवून झाल्यावर. पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत नोटीस, सात-पंधरा दिवसांची मुदत, संकेतस्थळावर स्कॅन केलेली, मोबाइलवर उघडली तर अंगठ्याएवढी दिसणारी पीडीएफ. आणि प्रश्न असा की 'दरवाढीबाबत आपले मत कळवा'. यावर माणूस काय कळवणार? 'नको' म्हणणार. मग अधिकारी म्हणणार, लोक तर नेहमीच नको म्हणतात.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते. 'तलाव चालवायला वर्षाला इतका खर्च येतो, सभासदांकडून इतके मिळतात, उरलेले करातून जातात. शुल्क १० टक्के वाढवायचे, की दुपारची रिकामी बॅच सुरू करायची, की शनिवार-रविवारचा दर वेगळा ठेवायचा?' असे विचारले तर लोक नुसते 'नको' म्हणत नाहीत, हिशेब करतात. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांना अर्थसंकल्पासाठी आपल्या प्रभागातली कामे सुचवण्याची सोय केली. त्या उपक्रमात त्रुटी आहेत, पण सामान्य माणसाला पालिकेच्या पैशाचे कळत नाही, हा समज तरी त्यातून खोटा ठरला.

पण विचारायचे कोणाला?

सल्लामसलत घेतली तरी तिथे बोलणारे कोण असतात? जे आधीच आत आहेत ते. त्यांचा आवाज रास्त आहे, पण त्यांचे हितही वेगळे असते. पहाटे बागेत फिरणाऱ्यांच्या गप्पांत 'तिकीट जरा वाढवलेलेच बरे, गर्दी कमी होईल' हे वाक्य अधूनमधून कानावर पडते. म्हणणारी माणसे वाईट नसतात. पण शुल्काचा उपयोग गाळणीसारखा व्हावा, ही इच्छा त्यांच्याही नकळत त्यात डोकावते. नवी बॅच नको, कारण पाणी खराब होते. शाळेची मुले नकोत, कारण गोंगाट होतो. सुनावणीत फक्त सभासद आले, तर निर्णय त्यांच्या सोयीचा होणार आणि त्यावर 'लोकमत' असा शिक्का बसणार.

म्हणून विचारायला बाहेर पडावे लागते. तलावापासून चालत अंतरावरच्या महापालिका शाळेत पालकसभेच्या दिवशी विचारता येईल. बचत गटाच्या बैठकीत विचारता येईल. बायकांना विचारले तर शुल्काआधी त्या वेळेबद्दल बोलतील, हे मी पैजेवर सांगतो. सकाळी सहाची बॅच डबे भरणाऱ्या बाईच्या काय उपयोगाची? संध्याकाळी सातची बॅच संपवून एकटीने परतायचे तर रस्त्यावर दिवे आहेत का? दराच्या चर्चेतून अशा गोष्टी बाहेर येतात आणि त्या फायलीत कधीच नसतात.

नालासोपारा, कल्याण किंवा पनवेलहून मुंबईत येणाऱ्यांचे काय? परदेशांतल्या अनेक शहरांत रहिवाशांना एक दर आणि बाहेरच्यांना जास्त दर अशी पद्धत असते. तो तिथला कर भरत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. पण जो माणूस दिवसाचे बारा तास या शहराचे काम करतो आणि केवळ भाडे परवडत नाही म्हणून वसई-विरारला झोपायला जातो, त्याला आपण 'बाहेरचा' ठरवणार का? यावर मतभेद होऊ शकतात. नेमक्या अशाच प्रश्नावर सुनावणी व्हायला हवी.

सवलत द्यावी की मोफत करावे?

'सरळ मोफत करून टाका' हे ऐकायला गोड वाटते. इंग्लंडने ते करून पाहिले. एप्रिल २००९ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांना सार्वजनिक तलावांत मोफत पोहण्याची योजना तिथे सुरू झाली. सव्वा वर्षात, जुलै २०१० मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. सरकारचे म्हणणे होते की मोफत पोहणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे भरूनही पोहायला आलेच असते. काटकसरीचे वारे होते हे खरे, पण त्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दार फुकट उघडले की आधी आत शिरतात ते दाराजवळ उभे असलेले. लांब उभ्या असलेल्यांसाठी दार उघडणे पुरत नाही, त्यांना बोलावून आणावे लागते.

कॅनडातल्या टोरंटो शहराने दुसरी वाट धरली. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना शहराच्या क्रीडा-करमणूक कार्यक्रमांसाठी शुल्कात मदत देणारी योजना तिथे आहे, शिवाय काही केंद्रांतले कार्यक्रम मोफत असतात. म्हणजे माणसाप्रमाणे सवलतही आणि जागेप्रमाणे सवलतही. आपल्याकडे पहिल्या प्रकारासाठी पिवळी आणि केशरी शिधापत्रिका हाताशी आहेत. पण रांगेत उभे राहून, मुलांदेखत खिडकीतल्या बाबूसमोर आपली गरिबी सिद्ध करायला किती जण तयार होतील? मला दुसरा प्रकार जास्त भावतो. ज्या वेळी तलाव रिकामा असतो त्या दुपारच्या बॅचा जवळच्या महापालिका शाळांना द्याव्यात. राणीच्या बागेत महिन्यातला एखादा दिवस जुन्या दराचा ठेवावा. कागद मागू नयेत, चौकशी करू नये.

सार्वजनिक जागेवरचे क्लब या चर्चेत येतात का?

यायलाच हवेत. मुंबईत मोकळे भूखंड देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपवण्याचे धोरण होते. त्यातल्या काही भूखंडांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले आणि जमीन सार्वजनिक असूनही सदस्यत्व सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले, हा आक्षेप जुना आहे. जानेवारी २०१६ मध्ये महापालिका सभागृहाने दत्तक धोरण मंजूर केले. त्यावर इतका गदारोळ झाला की तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये नवा मसुदा आला. तेव्हा मात्र सूचना-हरकती मागवल्या गेल्या आणि नागरी संघटनांनी त्या भरभरून दिल्या.

यातून एक गोष्ट दिसते. भूखंड कोणाला द्यायचा यावर लोकांना विचारता येत असेल, तर त्या भूखंडावरच्या तलावाचे सदस्यत्व कितीचे असावे, यावरही विचारता येईल. उलट खासगी संस्थेशी करार करतानाच 'दरात बदल करण्याआधी ३० दिवस जाहीर सूचना आणि सुनावणी' अशी एक ओळ घालणे सर्वात सोपे. करारावर सही झाल्यावर ती ओळ घालता येत नाही.

वाचकांनी काय करावे?

आपल्या भागातल्या तलावाची, नाट्यगृहाची किंवा उद्यानाची दरवाढ येणार अशी कुणकुण लागली, तर समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करण्याआधी माहिती अधिकारात साधा अर्ज टाकावा. गेल्या तीन वर्षांचा खर्च, शुल्कातून मिळालेली रक्कम, दरवर्षीची सभासदसंख्या आणि सवलत घेतलेल्यांची संख्या एवढेच मागावे. शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ते आकडे घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जावे आणि प्रभाग समितीच्या बैठकीत विषय घ्यायला सांगावे. नव्याने निवडून आलेल्यांना सध्या असे विषय हवेच असतात.

सूचना-हरकती मागवल्या गेल्या, तर 'दरवाढीला विरोध' एवढ्या दोन शब्दांवर थांबू नये. दर किती असावा, कोणत्या वेळेला असावा, हप्ते असावेत का, हे लिहावे. ज्यांच्या घरी लिहिणारे कोणी नाही अशा दोन घरांची हरकतही त्यांना विचारून लिहून द्यावी. अर्ज प्रत्यक्ष देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. ईमेलने पाठवला असेल तर पोच मागावी. पुढे 'आमच्याकडे एकही हरकत आली नाही' असे उत्तर आले, तर तो शिक्काच उपयोगी पडतो.